नाड्याच्या रेघेवर मारलेली फुली

मंगळवार, दहा फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. इंदूरच्या एका मोठ्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, हिरव्या पडद्याआड... माझ्या पोटावर चुकीच्या जागी फुली मारण्यात आली.

फुली कसली, ते आधी सांगते, कारण या ग्रुपवरच्या बऱ्याच जणांना माझा आजारच ठाऊक नाही. चौदा वर्षं माझ्या मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा आहेत. लग्नाला येऊन न जेवता का पळते, सहलीला नाही का म्हणते, हे तुम्ही विचारलंत आणि मी दर वेळी खोटं बोलले. बऱ्हाणपूर ते इंदूर रस्त्यावरचं एकूणएक स्वच्छतागृह मला तोंडपाठ आहे. असीरगडच्या पायथ्याशी एक आहे, त्याला आतून कडी नाही...

आता औषधं थकली. येत्या सोमवारी ते आतडं काढून टाकणार. मग मल बाहेर यायला पोटाला उजवीकडे एक छिद्र आणि त्यावर चिकटवलेली पिशवी... आयुष्यभर. पिशवी कुठे बसवायची त्याची खूण आधीच करून ठेवतात. तीच ही फुली.

नर्सबाई तरुण होती, हात हलका होता. "आंटी, लेट जाओ." मी नाडा सैल करून आडवी झाले. तिने पोट चाचपलं, शाईने फुली मारली, पुसू नये म्हणून वर पारदर्शक पट्टी लावली. सगळं मिळून चार मिनिटं. मी उठले, परकराचा नाडा बांधला... आणि तो नेमका फुलीवर बसला.

मी म्हटलं, बाई, इथे माझा नाडा येतो, पिशवी दबेल, गळेल. ती हसली. हसण्यात खोट नव्हती, म्हणून जास्त लागलं. "तो गाउन पहन लेना न आंटी. अब आपको जाना कहाँ है?"

बत्तीस वर्षं मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आमच्या युनिफॉर्मच्या प्लीट्स पट्टीने तपासायच्या, त्याच शिस्तीत मी आजही निऱ्या घालते. गाउनवर ओढणी टाकून बाजारात जाणाऱ्या बायका असतात... असोत. मी त्यातली नाही.

परतताना गाडीतून मुलाला पुण्याला फोन लावला. गुणी मुलगा आहे, दिवसातून दोनदा चौकशी करतो. तो म्हणाला, "आई, गाउनमध्ये वाईट काय आहे? तसंही तू आता कुठे जातेस?" मी फोन ठेवला. शेजारी माझी धाकटी बहीण मंदा होती. तिने सगळं ऐकलं.

कुठे जाते मी? सांगते. दर गुरुवारी सकाळी, पोट शांत असतं तेवढ्या तासाभरात, आमच्या बऱ्हाणपूरच्या बुधवारा बाजारात भाजी आणायला जाते. महिन्यातून एकदा पॅसेंजरने मंदाकडे नेपानगरला जाते. चांदनी स्टेशन गेलं की ती घरून निघते, मी उतरते तेव्हा प्लॅटफॉर्मवर उभी असते. बाकीच्या जागा या आजाराने एकेक करून काढून घेतल्या. हे असते तर ताप्तीकाठी फिरायला तरी सोबत असती, तेही गेले... या दोन जागा उरल्यात. आणि त्या मला साडी नेसून जायच्या आहेत.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मंदा म्हणाली, "ताई, उभी राहा. दाखव मला."

चौदा वर्षांत डॉक्टरांशिवाय कुणाला पोट दाखवलं नव्हतं. तिने पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "ताई... किती वाळली गं तू." डोळे भरून आले तिचे. मी खेकसले, "रडायला नाही बोलावलं तुला. पेन घे."

मग तिलाच ते दिसलं. माझ्या कमरेला सगळीकडून एक काळपट रेघ आहे, रोज आवळलेल्या नाड्याची. बायांनो, तुमच्याही कमरेला असेल, बघा. फुली बरोब्बर त्या रेघेवर होती. "ताई, नाडा कुठे येतो ते तर इथे दिसतंच आहे," मंदा म्हणाली, "विचारायची पण गरज नव्हती. बघितलं नाही का तिने?"

त्या नर्सबाईला काय बोल लावू... मीही इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

मंदाने मला बसवलं, वाकवलं, पुन्हा उभं केलं. घडी पडत नाही आणि नाडाही पोचत नाही अशा जागी, रेघेच्या थोडं वर, एक ठिपका काढला. मग माझा नाडा तिनेच बांधला, हळू, दोनदा सोडून. लहानपणी मी तिचा बांधायचे. तेव्हा मात्र मलाच रडू आलं, आणि ती खेकसली नाही.

सर्जनसाहेब, पोट उघडल्यावर जागा बदलावी लागली तर बदला. तो तुमचा अधिकार आहे, आणि सोमवारी माझा जीव तुमच्याच हातात आहे. पण त्याआधी मला उभी करा, बसवा, नाडा कुठे येतो ते पाहा, आणि मग फुली मारा. बेशुद्ध झाल्यावर मला विचारता येणार नाही.

आज, बुधवारी, सही-तारखेचा अर्ज, सोबत हे लिखाण जोडून, इस्पितळाला मेलने पाठवला आहे. फोनवर "देख लेंगे आंटी" चालणार नाही. रविवारी मी भरती व्हायला येते आहे, साडी नेसून. मला कुठे जायचं आहे, ते वर लिहिलेलं आहे... उत्तर लेखी हवं, शुक्रवारी, तेरा तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत.