चार हजार दोनशे एक धागे

वडगावातल्या आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. समान हक्क, समान वाटा, समान वेतन: अक्षरं जुळवायला मी शिकलो ते याच शब्दांवर. म्हणूनच असेल, जी संख्या सगळ्यांना सारखी वाटता येते तिच्यावर माझा जीव. उदाहरणार्थ, चार हजार दोनशे. दोघांत वाटा, तिघांत वाटा, आठापर्यंत कितीही जणांत वाटा; कुणाला कमी पडत नाही, मागे काही उरत नाही.

गेल्या वर्षी वडिलांची, आप्पांची, नजर अधू झाली आणि त्यांनी हातमाग विकायला काढला. माझी थोरली बहीण आक्का म्हणाली, मी विणते. आप्पांनी एकच अट घातली. साडीचा ताणा, म्हणजे सगळे उभे धागे, तिनं स्वतः आखायचा. पट्टे रंगीत आणि सगळे एकाच रुंदीचे. जमलं तर माग तिचा. नाही तर विकायचा.

दुसऱ्या दिवशी मी बाहेरून आलो तर आक्का भागाकार मांडून बसलेली, डोळे लाल.

"न्हाय जमत रं. सातानं भागलं, एक उरतोय. आठानं भागलं, तरी एक. तेरानं भागलं तर दोन! मला डोकंच न्हाय."

मी बघितलं. ती ४२०१ ला भागत होती. आई ताणा जोडताना चार हजार दोनशेवर एक धागा जादा घालायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. ती गेल्यावर आप्पांनीही तो सोडला नाही. त्यामुळे ताणा किती म्हटलं की आमच्या तोंडात चार हजार दोनशे एकच येतं.

मी दोन, तीन, पाच, सात असं करत एकसष्टपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं. पुढच्या सदुसष्टचा वर्गच ४२०१ च्या वर जातो, म्हणून त्यापुढे बघायची गरज नव्हती.

"आक्का, ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानंच भाग जात नाही. तुझं डोकं ठीक आहे. हे कुणालाच जमणार नाही."

ती डोळे पुसून हसली. "आईसारखीच की. कुणाचं ऐकंल तर शप्पत."

"तो एक धागा काढून टाक. सारखं वाटायचं म्हटल्यावर..."

"तुझं पत्रक चौकात जाऊन वाच, जा. आईचा धागा मी काढणार न्हाय."

एरवी मी तासभर भांडलो असतो. त्या दिवशी पेन्सिल तिच्यापुढं सरकवली. बऱ्याच वेळानं तिनं ती उचलली आणि आखणी केली. पाचशे पंचवीस धाग्यांचा एक पट्टा, असे आठ. चार इकडं, चार तिकडं. मध्ये एकटा धागा, पिवळा.

ताणा मागावर चढला तेव्हा आप्पा चष्मा लावून अगदी जवळ वाकले. पट्टे बोटांनी मापत मापत मधोमध थांबले.

"हितं बसवलीस व्हय तिला?"

आक्कानं नुसती मान हलवली.  मग मागाच्या फळीवरची आपली घडी घातलेली चादर आप्पांनी उचलली आणि आक्काला बसायला जागा करून दिली.