उजवीकडच्या दांड्या

माझ्या कानांना कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरायचं. बावीस वर्षं लोधीपुऱ्यात लूमचा कारखाना चालवला मी. सोळा लूम एका पत्र्याखाली खडाखडा चालू असायचे आणि मी दारात उभं राहून सांगायचो, "भिंतीकडचा तिसरा बघा, धोटा अडखळून राहिला." कारागीर जाऊन बघायचे, तसंच निघायचं. अशा माणसाला तिशीतला एक मेकॅनिक गाडीतला टेप नीट लावून देत नाही म्हणजे काय?

तेव्हा परदेशी डेक दुकानात उघडपणे, पावतीसकट मिळायला नुकती सुरुवात झाली होती. त्याआधी ते कुणाच्या तरी ओळखीनं पिशवीत दडवून आणावे लागायचे. मी जुनी मारुती व्हॅन घेतली होती. बायकोला गाण्यांचं भारी वेड, म्हटलं हिला गाणी ऐकवत फिरवू. शनवाऱ्याजवळ गाडीला टेप बसवणाऱ्याचं एकच बरं दुकान होतं. दापोऱ्याचे केळीचे बागायतदारही जिपा घेऊन तिथंच यायचे. त्या मेकॅनिकनं डेक बसवला, दारांत स्पीकर बसवले आणि डेकखाली इक्वलायझर. म्हणजे सात दांड्यांचा एक डबा. डावीकडच्या दांड्या वर केल्या की ढोलकीचा जाड आवाज वाढतो, उजवीकडच्या वर केल्या की बासरी, झांज, बाईचा गळा असला बारीक आवाज वर येतो.

त्यानं कॅसेट लावली. मी ऐकलं. नुसतं धुप, धुप, धुप. गोधडीत तोंड खुपसून कुणी गातंय असं.

"बारीक आवाज कुठं गेला रे?"

"आहे ना, शेठ."

"कुठं आहे? बहिरा समजून राहिला का मला?"

त्यानं माझ्याकडे जरा बघितलं आणि उजवीकडच्या दांड्या थोड्या सरकवल्या. "अजून," मी म्हटलं. "अजून. अरे, पार वर कर!" तेव्हा कुठं गाणं गाण्यासारखं वाजलं. हेच आधी करायला याला काय धाड भरली होती?

घरी आणून बायकोला गाडीत बसवलं. गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत तिनं पदर कानांवर दाबला. "अहो, बंद करा ते! सुया टोचून राहिल्या नुसत्या." मग जो बसेल तो तेच म्हणायचा. दांड्या खाली केल्या तर मला धुपधुप, वर केल्या तर यांना सुया. याचा अर्थ सरळ होता. काम बोगस.

चार वेळा गाडी परत नेली. त्यानं वायरी बदलल्या, स्पीकर बदलले, दारं उघडून आत आवाज घुमू नये म्हणून नमदा चिकटवला, सगळं आपणहून. दर वेळी तो दांड्या मधोमध आणून ठेवायचा आणि दर वेळी मी त्या वर ढकलायचो. एकदा जिपवाले पाच जण उभे होते, त्यांच्या देखत सुनावलं, "नाचता येईना अंगण वाकडं! येत नसेल तर कुल्फी वीक जाऊन." तो मान खाली घालून पक्कड पुसत राहिला.

एवढ्यावर थांबणारा मी नव्हे. मार्केटातले आम्ही व्यापारी रोज संध्याकाळी एका पानटपरीवर जमायचो. तिथं माझ्या शब्दाला वजन होतं, कारण निम्म्यांचा धंदा माझ्या कपड्याशी बांधलेला. सहा महिने मी एकच सांगत सुटलो: त्याच्याकडे गाडी नेऊ नका, लुच्चा आहे. लोक गाड्या जळगावला न्यायला लागले. मीही नेली. तिथल्यानंही अगदी तसंच धुपधुप लावून दिलं, आणि मी दोघांच्या नावानं बोटं मोडत परत आलो.

दिवाळीच्या तोंडावर ठरवलं, हा डेक काढून त्याच्याच तोंडावर फेकायचा. गेलो तर तो खोक्यांत सामान भरत होता. गिऱ्हाईक एकही नाही. माझं सगळं बोलून होईपर्यंत तो थांबला, मग म्हणाला, "शेठ, आज दुकान खाली करून राहिलो, म्हणून एक विनंती. गाडीत पुढं बसा. टेप बंद. नुसतं समोर रस्त्याकडे बघा."

बसलो. तो मागच्या सीटवर बसला. समोरून एक म्हैस रमतगमत गेली. मी वाट बघत होतो.

"अरे, बोल की काही!" मी वळून खेकसलो.

"तीनदा बोललो, शेठ. घरात बोलतो तेवढ्याच आवाजात." तो माझ्या तोंडासमोर वाकला. "माझे वडीलही लूमवरच होते. बारीक आवाज आधी जातो, जाड राहतो. मग माणूस ओठ बघून समजून घेतो, त्याचं त्यालाच कळत नाही."

"मग हे पहिल्या दिवशी सांगायला काय तोंड शिवलं होतं का रे तुझं?"

"चार लोकांत तुम्हाला बहिरं म्हणू का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. माझी लाज राखायला मी याच्याकडे अर्ज केला होता का? डेक गाडीत तसाच ठेवून ती दामटत घरी आलो आणि कणीक मळणाऱ्या बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हाव. सात-आठ वर्षं झाली. पाठीमागून हाक मारायचं मी कधीच सोडलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही ताट फेकलं."

ताट फेकलेलं मला आठवत होतं. कशावरून फेकलं ते मी विसरलो होतो.

आठ दिवस मी धुमसत होतो. मग गेलो शनवाऱ्याला. शटरला कुलूप, पाटी काढून नेलेली. तिथून तडक टपरीवर गेलो आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, त्याच्या कामात काही खोट नव्हती, माझे कान गेलेत. वाटलं होतं, सगळे चाट पडतील. कुणी पान चघळायचंसुद्धा थांबलं नाही. सुताचा एक म्हातारा व्यापारी माझ्या अगदी पुढ्यात आला आणि तोंड मोठं उघडून सावकाश म्हणाला, "शेठ, हे तर आम्हाला केव्हाचं माहीत आहे."

"मग गाड्या जळगावला कशाला नेल्या?"

"तुम्ही नाराज झाले असते ना."

मी भडकलोच. निदान मला तरी ठाऊक नव्हतं! तुम्हाला ठाऊक असून माझ्या भिडेपायी एका हुन्नरी माणसाच्या पोटावर पाय दिलात? म्हातारा शांतपणे म्हणाला, "सुरुवात तर तुम्हीच केली होती, शेठ."

मी विचारलं, तो गेला कुठं? एक म्हणाला खंडव्याला गेला असेल, दुसरा म्हणाला सासुरवाडीला. माझे कान गेल्याचं त्या टपरीवर झाडून सगळ्यांना माहीत होतं. तो बायकापोरं घेऊन कुठं गेला, हे एकानंही विचारलं नव्हतं.