ग्रेसीने मागे घेतलेला निष्कर्ष

फोन आला तेव्हा मी भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या पुढे, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या एका कारखान्यात होते. धूळ खेचणाऱ्या पंख्याचं कंपन मोजायचं काम चाललं होतं आणि आजूबाजूला इतका गोंगाट, की पलीकडून कोण बोलतंय तेच कळेना. गल्लीत येऊन मी परत फोन लावला. उत्तनच्या बर्फ कारखान्यात मशीन सांभाळणारे पास्कलकाका होते. "ग्रेसी गेली गो बाय," ते म्हणाले. "सकाली चक्कर येऊन पडली. हॉस्पिटलात नेईपर्यंत..." आमच्या ऑफिसात कोणाला काही कळायच्या आधी त्यांनी मला फोन केला, याचं त्या क्षणी काही वाटलं नाही. आता महिना उलटून गेल्यावर वाटतं. कारण एके काळी ग्रेसीच्याच रिपोर्टमुळे या माणसाला घरी बसावं लागलं होतं.

ग्रेसी आणि मी एकाच वर्षी पेणकरपाड्यातल्या आमच्या छोट्या कंपनीत लागलो. कारखान्यातल्या मशीनची कंपनं मोजायची, त्यावरून आत काय बिघडतंय ते मशीन बंद पडायच्या आधी सांगायचं, हा आमचा धंदा. मी गिरगावातून नुकतीच मीरा रोडला राहायला आलेली, इथलं काहीच माहीत नसलेली. ती उत्तनची, कोळीवाड्याला लागून घर, वडील बोटीवर जाणारे. स्कूटरवरून यायची, पायात कायम जाड सेफ्टी बूट. एकदा ऑफिसातल्या लग्नाला साडीखाली तेच बूट घालून आली, आणि मी हसले तर म्हणाली, "वैशू, इथून थेट साइटवर जायचंय, नवरीला नाही माझ्या पायाकडे बघायला वेळ." हसायची मोठ्याने, भांडायचीही तशीच. पण स्पेक्ट्रम समोर आला की एकदम गप्प. मशीनचं कंपन म्हणजे अनेक थरथरींची सरमिसळ असते. ती वेगळी करून, कुठली थरथर सेकंदाला किती वेळा होतेय आणि किती जोरात, हे आलेखावर शिखरांसारखं दिसतं, तो स्पेक्ट्रम. ग्रेसी त्याच्याकडे अशी बघत बसायची, की चहा थंड व्हायचा.

आमच्या नोकरीला फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. तिच्या गावातल्या बर्फ कारखान्याचा कॉम्प्रेसर थरथरायला लागला. बोटींचा मोसम तोंडावर आलेला, बर्फ नसेल तर मासळी किनाऱ्यावर येईपर्यंत टिकणार नाही. कारखान्याच्या कमिटीने मोठ्या कौतुकाने गावच्या पोरीला बोलावलं. आमचं मोजायचं मोठं, चांगलं यंत्र त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होतं, म्हणून ग्रेसीने स्वतः जोडलेला एक छोटा रेकॉर्डर नेला. स्पेक्ट्रममध्ये मोटरच्या फेऱ्यांच्या साधारण निम्म्यावर एक ठळक शिखर दिसलं. असं शिखर बऱ्याचदा सांगतं की काहीतरी सैल आहे. तिने तसं लिहून दिलं. कॉम्प्रेसरच्या पायाचे बोल्ट आवळायचं काम पास्कलकाकांचं. ते सांगत राहिले, "मी सोता आवळले हाय, बाय." कमिटीने ऐकलं नाही. सगळ्यांसमोर त्यांना हलगर्जी ठरवून घरी बसवलं.

कौतुक तिच्या वाट्याला आलं, पण ती काही खूश दिसेना. दोन-चार दिवस तोच स्पेक्ट्रम उघडून बसलेली. शेवटी मला जवळ बोलावून म्हणाली, "हे बघ. सैलपणाचं शिखर बरोब्बर निम्म्यावर यायला हवं. हे किंचित बाजूला आहे."

"मोजताना थोडं इकडेतिकडे होतंच की," मी म्हटलं.

"इतकं नाही होत."

आणि मग तिला ते उमगलं. कंपन सलग चालू असतं, पण यंत्र ते सलग बघत नाही, ठरावीक अंतराने टिपतं. कंपन फार वेगवान असेल आणि आपण पुरेशा वेळा टिपलं नाही, तर आलेखावर ते भलत्याच, संथ जागी उगवतं. मला समजावताना ती म्हणाली, "आमच्याकडे दीपस्तंभाचा झोत फिरतो ना, तू मधूनमधूनच डोळे उघडलेस तर तो उलटा फिरतोय असंसुद्धा वाटेल. झोत खरा, पण तुला दिसलेलं फिरणं खोटं." मोठ्या यंत्रात अशी वेगवान कंपनं आधीच गाळणारा फिल्टर असतो. तिच्या रेकॉर्डरला तो नव्हता. दुसऱ्या दिवशी ती मोठं यंत्र घेऊन एकटीच उत्तनला गेली, कितीतरी जास्त वेळा टिपून बघितलं. निम्म्यावरचं शिखर नाहीसं झालेलं. खरं कंपन खूप वरच्या टोकाला होतं, मोटरचं बेअरिंग बिघडलं की शिखर येतं त्या जागी... बोल्टांचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता.

आमचे साहेब भले माणूस. ते म्हणाले, "सुधारित रिपोर्ट पाठवून दे. कमिटीच्या मीटिंगला कशाला जातेस?"

"रिपोर्ट कोण वाचतं, सर?" ग्रेसी म्हणाली. "पास्कलकाकांना गावासमोर काढलंय. मग गावासमोरच सांगायला पाहिजे."

मी तिच्यासोबत गेले होते. हॉलमध्ये सगळे तिच्या ओळखीचे, काही नातेवाईक, मागच्या खुर्चीवर तिची आई. ऑफिसात आमच्यासारखी बोलणारी ग्रेसी तिथे उभी राहून गावच्या बोलीत म्हणाली, "पास्कलकाकांची चूक न्हाय. बोल्ट आवळलेले होते. चूक माजी हाय, मी माप बरोबर घेतला न्हाय." कोणीतरी खवचटपणे म्हणालं, आता उद्या येऊन तिसरंच सांगशील. ती म्हणाली, "मोटर खोला. बेअरिंग चांगला निघला तर मला परत बोलावू नका."

मोटर खोलली. बेअरिंगच्या आतल्या कडीवर एकसारख्या आडव्या रेघा उमटलेल्या, कपडे घासायच्या पट्टीवर असतात तशा. मोटरचा वेग कमी-जास्त करायला जो नवा ड्राइव्ह बसवला होता, त्याचं अर्थिंग नीट नव्हतं. वीज बेअरिंगमधून वाट काढत होती आणि धातू जाळत होती. ते दुरुस्त झालं, मोसमाच्या आधी बर्फ सुरू झाला, पास्कलकाका कामावर आले. कमिटीने मात्र पुढची कामं दुसऱ्यांना दिली. पास्कलकाकाही तिच्याशी बोलेनात. रस्त्यात दिसले तर मान वळवून जायचे. ग्रेसीला ते लागायचं, पण म्हणायची, "त्यांचा हक्क आहे तो." ती त्यांच्या मागे लागली नाही, माफी मागत फिरली नाही. पुढच्या मोसमाआधी एका सकाळी तिचा फोन वाजला. "बाय, आवाज येगला येतो हाय," पास्कलकाका म्हणाले. "तू येऊन बग. दुसरा कोन नको." त्या दिवशी ऑफिसात ती रडली, आणि रडता रडता सेन्सरच्या वायरी बॅगेत भरत होती. पास्कलकाकांनी कमिटीलाही पटवलं आणि तेव्हापासून शेवटपर्यंत त्या कारखान्याचं माप तिनेच घेतलं.

आमच्या धंद्यात चूक झाकणं फार सोपं आहे. आलेख कोणाला वाचता येत नाही, एक मोघम वाक्य घातलं की सुटका. नंतर नंतर आमच्याकडे नवी मुलं आली, त्यांना ती सॅम्पलिंग, म्हणजे कंपन किती वेळा टिपायचं ते, शिकवायची तेव्हा पहिल्याच दिवशी स्वतःचा तो चुकलेला स्पेक्ट्रम भिंतीवर दाखवायची. नाव-गावासकट. अशी माणसं मी फार पाहिली नाहीत.

गेल्या रविवारी तिच्या आईंना भेटायला उत्तनला गेले. पडवीत वॉशिंग मशीन चालू होतं. त्याच्या बाजूवर पांढऱ्या रंगाचा एक छोटा गोल होता. दर वेळी सेन्सर एकाच जागी लागावा म्हणून आम्ही मशीनवर अशी खूण करतो. नीट बघितलं तर पाण्याच्या पंपावर गोल, मिक्सरवर गोल, शिलाई मशीनच्या मोटरवरसुद्धा. "सगला घर रंगवलान पोरीनं," आई म्हणाल्या. परवा दुरुस्तीला आलेला माणूस डाग समजून पुसायला निघाला, तर त्यांनी त्याचा हात धरला. बोलता बोलता मशीन कपडे पिळायला लागलं, सगळं अंग हलवत. आईंनी न बघताच त्या गोलावर तळवा टेकवला. मशीनचा वेग उतरत गेला, थरथर कमी झाली, थांबली... आईंनी हात काढला नाही.