खाली आलेली पांढरी दोन

माझी पहिली तक्रार व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाविरुद्ध होती. त्याने नातीच्या व्हायोलिनची घोडी बदलून दिली आणि त्यानंतर वाद्य अर्धा स्वर उतरले, असे मी त्याला लेखी कळवले. दुसरे पत्र सतत सा धरून ठेवणारी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी बनवणाऱ्या कंपनीला गेले: पेटीवर ‘डी’ छापून आत ‘सी शार्प’ भरणे ही ग्राहकाची उघड फसवणूक आहे. दिवाणी दावे चालवण्यात हयात गेलेल्या माणसाचा हात अशा मजकुराला थरथरत नाही. तिसरे पत्र मात्र पुरे झाले नाही. ते रेल्वेला होते. स्थानकावर घोषणेच्या आधी वाजणारी धूनही मला उतरलेली ऐकू आली होती. लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आले, की प्रतिवादी वाढत चालले आहेत आणि वादी एकटाच आहे.

राजवाड्यामागच्या आमच्या घरात दिवेलागणीला एक जुने मराठी पद म्हणतात. राग शंकराभरण, स्वर पांढरी दोन, म्हणजे इंग्रजी डी आणि इथल्या तमिळ बोलीत दोन कट्टै. पेटी किंवा तंबोरा घ्यायचा नाही. घरातल्या वडीलधाऱ्याने सा द्यायचा आणि बाकीच्यांनी त्यात मिळायचे, असा पिढ्यांचा दंडक आहे. वडिलांच्या आणि पुढे थोरल्या बंधूंच्या पश्चात तो मान माझ्याकडे आला. तेव्हापासून पांढरी दोन मला कधी शोधावी लागली नव्हती. तोंड उघडले की ती तिथे असे. नातीला देवनागरी वाचता येत नाही. ती पद तमिळ अक्षरांत उतरवून म्हणते. पण सा माझ्याकडूनच घेते.

ती पाश्चात्य व्हायोलिनच्या परीक्षेला बसणार आहे. तिला नेमलेला तुकडा डी मेजरमधला. पहिल्यांदा वाजवला तेव्हा तीच ओरडली होती, “आजोबा, हे तर आपल्या पदाचेच स्वर!” खरे होते. सा पांढरी दोनवर धरला की शंकराभरणाचे सात स्वर आणि डी मेजरचे सात स्वर एकच. व्हायोलिनला ही पट्टी मानवते, कारण त्याच्या चारही मोकळ्या तारा या पट्टीत बसतात आणि बोट न लावलेली तारही शेजारणीबरोबर घुमते. युरोपात हिला तुताऱ्या-नगाऱ्यांची, विजयाची पट्टी मानत. आमच्या राजवाड्यात इंग्रजी बँड वाजे तेव्हा ती या गल्ल्यांतही ऐकू आली असेल. पुढे तमिळ सिनेमाने याच स्वरांवर प्रेमगीते रचली आणि लग्नाच्या बँडने वराती काढल्या. अशा उजळ पट्टीने कोणाला धडकी भरावी, हे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

रेल्वेचे पत्र अर्धवट टाकून उठलो त्या संध्याकाळी मी सा दिला आणि अंतऱ्याला माझा गळा फाटला.

“अहो, एवढे वर कशाला चढता?” पत्नी म्हणाली. “बृहदीश्वराच्या कळसावर कोणाला हाक मारायची आहे?”

नात फोन घेऊन पुढे आली. त्यावर स्वर ओळखणारे यंत्र आहे. “आजोबा, बघा. ही माझी मोकळी तार. डी दाखवते. तुम्ही गायलात तो ई फ्लॅट होता, अर्धा स्वर वर.”

“यंत्राची साक्ष उलटतपासणीवाचून ग्राह्य नसते.”

“मग घ्या उलटतपासणी! पण तार आणखी चढव म्हणू नका. तुटेल. परीक्षा आहे माझी.”

तिने तार पुन्हा छेडली. फोनवर डी उमटला. माझ्या कानात अर्धा स्वर खालची काळी एक स्वच्छ वाजली.

माझे थोरले बंधू शेवटी आम्हां कोणाला ओळखत नसत. त्यांची सुरुवात अगदी साधी झाली होती: पापनाशमला उतरायचे ते कुंभकोणमला उतरले, आणि बसवाल्यानेच गाव हलवले म्हणून त्याच्याशी भांडले. ते भांडण मला आता शब्दशः आठवू लागले. ते गाव चुकले, मी स्वर चुकलो होतो. आणि दोघांनीही दोष दुसऱ्यावर लोटला होता. मी कोणाला काही बोललो नाही. घसा बसल्याचे कारण सांगून पदाच्या वेळी गप्प राहू लागलो. देवघरातली घंटा, काफीचा पितळी पेला, चर्चचे घड्याळ, जे वाजेल ते चोरून तपासत होतो. सारे गाव अर्धा स्वर खाली बसले होते.

शेवटी एकटाच कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली.

“कान उत्तम आहेत, सर,” त्या म्हणाल्या.

कान निर्दोष, तर दोष त्यांच्या मागे, डोक्यात.

“नवीन गोळी काही सुरू केली आहे?”

केली होती. उजव्या गालात वीज पडावी तशी कळ येत असे. ताकभाताचा घासही चावता येत नसे. त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊ लागलो आणि कळ थांबली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांच्या पट्टीवरचे नाव वाचले आणि मान डोलावली.

“ही घेणाऱ्या काही जणांना सगळे स्वर थोडे खाली ऐकू येतात. बहुतेकांना कळतही नाही. गोळी थांबली की बहुधा पूर्ववत होते.”

“हे मला लेखी का कळवले गेले नाही?”

“गोळीबरोबरच्या कागदावर असते, सर. कोण वाचतो?”

“मी वाचतो! औषधवाल्याने पट्टी कापून दिली. कागद मिळालाच नाही.”

“बरे. पण आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना विचारा. आणि कळ परत येऊ शकते, हेही लक्षात ठेवा.”

रिक्षात बसल्यावर माझा हात आपोआप उजव्या गालाकडे गेला. आता दोन भये होती, आणि एकातून सुटायचे तर दुसऱ्याच्या स्वाधीन होणे भाग होते.

संध्याकाळी घरात सारे सांगितले. पत्नीने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच फटकारले, “म्हणजे वेड लागले नाही ना? मग एवढे दिवस गप्प का? माझ्यावर तरी दावा ठोकायचा!”

“गोळी इतक्यात बंद करायची नाही,” मी म्हणालो. “त्या कळेपुढे मी उभा राहू शकत नाही.”

“मग सा कोण देणार?”

मी नातीकडे बोट केले. ती दचकली. “मी? मोठ्यांनी द्यायचा असतो ना?”

“मुखत्यारपत्र देतो तुला. दे.”

तिने डोळे मिटून सा लावला. कानाने तत्काळ हरकत घेतली: काळी एक. मी त्या स्वराला गळा जोडला, तर गळ्याने निराळीच साक्ष दिली. छातीतले पांढरी दोनचे ते जुने, सरावाचे ठिकाण जागेवर होते. दोन्ही साक्षीदार माझेच, आणि त्यांतला एक खोटे बोलत होता. कोणता, ते मला डॉक्टरीणबाईंनी पढवल्यामुळे ठाऊक होते. ऐकू येत नव्हते. अंतरा आला. गळा फाटला नाही. तरीही पद संपेपर्यंत मी नातीच्या ओठांवरून नजर हलवू शकलो नाही.