जेवून आलोय

मातेउशइतका चिवट पाहुणा बेबीताईंनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. दर रविवारी सिंगापूरच्या एका टोकाच्या तुआसहून एमआरटीच्या मेट्रोनं बेटाच्या दुसऱ्या टोकाला, बेडोकला यायचं, आणि दारात बूट काढता काढताच सांगायचं, "मी जेवून आलोय." अरे, जेवून यायचं तर जेवायला बोलावलं कशाला? पण माणूस इतका गोड, की राग धड यायचा नाही. खालच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीतल्या, चहावाल्या अंकलनं सवयीनं "जेवलास का?" विचारलं, तरी हा अदबीनं "झालं, झालं" म्हणायचा.

तो मोझांबिकचा. बेबीताईंचे यजमान शिवदास ज्या शिपयार्डात होते, तिथंच वेल्डिंग तपासायचा. "यानं पास केलेला जोड समुद्रालाही उकलायचा नाही," असं शिवदास सांगत. शिवदास सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत, स्वतःच्या बायकोचंही नाही.

बेबीताई नागपूरच्या, आग्रहाला पक्क्या. स्वयंपाकघरातून वाटी भरून आणायच्या आणि तो "नको" म्हणेपर्यंत ताटात ओतून मोकळ्या व्हायच्या. तो दोन-चार घास खाऊन हात आखडायचा. त्यांची शाळकरी लेक अंजली सिंगापुरी ढंगात वैतागायची. "आई, अंकल नो म्हणतायत ना! डोन्ट फोर्स लाह."

"तू गप. पाहुण्याचं नको खरं मानायचं नसतं."

एका रविवारी मात्र त्यांचा संयम सुटला. "माझ्या हातचं आवडत नाही, एवढं सांगून टाक. मी सुटले."

मातेउश घाबरला. चमचा खाली ठेवून तो हळूहळू बोलायला लागला.

त्याच्या आजोबांच्या काळात पोर्तुगीज साहेब गावाला सक्तीनं कापूस पेरायला लावत. पोटापुरतं धान्य पिकवायच्या जमिनीत कापूस. नाही पेरला तर चाबूक. कापूस साहेबाचा, उपास गावाचा. पुढे साहेब गेला, झेंडा बदलला, लोक रस्त्यात नाचले, आणि नाचून दमायच्या आत देशात आपसातच युद्ध पेटलं. मातेउश त्या युद्धातलं पोर. गाव जळालं तेव्हा आई त्याला आणि धाकट्या भावाला घेऊन बेइरा शहराच्या वाटेला लागली. वाटेत कुणाच्या तरी झोपडीत आसरा मिळायचा. दारातच आई बजावायची, "विचारलं तर म्हणायचं, जेवून आलोय. त्यांच्या हंडीत त्यांच्याच पोरांपुरतं नसतं."

"भाऊ वाटेतच गेला," मातेउश म्हणाला. "शेवटच्या घरातही हसून म्हणाला, जेवून आलोय. फार शहाणा होता, सिस्टर."

नागपुरातल्या एका खोलीच्या घरात बेबीताईंची आईही पोरांना वाढताना म्हणायची, "माझं मघाच झालं." तिचं कधीच झालेलं नसायचं. हा माणूस इतकी वर्षं आपल्या ताटातलं दुसऱ्याच्या पोरांसाठी वाचवत होता, आणि आपण त्याला नखरेल समजत होतो! त्यांचे डोळे भरून आले.

"माझी सवय आता जायची नाही," तो म्हणाला. "पण लुईझाला ती लागू नये. बस, एवढंच हवंय."

लुईझा त्याची मुलगी. आईबरोबर बेइरात आजीच्या घरी राहायची. आजी म्हणजे मातेउशची आई, तीच दारात बजावणारी. मायलेकींना सिंगापूरला आणण्यासाठी मातेउशनं मिळेल तेवढा ओव्हरटाइम केला होता. पण आजीनं पोरीला तो धडा आधीच शिकवला असेल, तर? या धास्तीनं त्याला झोप लागत नव्हती.

मायलेकी आल्या, त्याच रविवारी सगळे बेबीताईंकडे. लुईझा चिमणीएवढी, डोळे मात्र टपोरे. बेबीताईंनी वाकून विचारलं, "भूक लागली?"

मातेउशनं तिच्या भाषेत सांगितलं. पोरीनं हात पाठीमागे बांधले, छान हसली आणि काहीतरी म्हणाली. मातेउशनं मान खाली घातली. त्याला भाषांतर करून सांगायची गरजच पडली नाही.

बेबीताई तरातरा आत गेल्या आणि रश्श्याचं अख्खं पातेलं उचलून टेबलावर आणून ठेवलं. मागोमाग भाताचं.

"अगं, ताटं वाढून आणायची सोडून..." शिवदास म्हणाले.

"तुम्ही थांबा हो. आत किती आहे ते दिसत नाही, म्हणून हे बापलेक नको म्हणतात."

पातेलं पाहुण्यापुढे आणायचं नाही, ही त्यांच्या आईची रीत. तळ दिसला तर पाहुणा संकोचतो. आज त्यांनी लुईझाला खुर्चीवर उभं केलं, झाकण काढलं आणि तिच्या हातात पळी दिली. "बघ. आम्हा सगळ्यांचं झालं, तरी उरणार आहे."

मातेउशनं सांगितलं. लुईझानं पळी पार आत घातली, इकडून तिकडून ढवळली. एकदा अंजलीकडे पाहिलं, एकदा पातेल्यात. मग एवढ्या मोठ्यांदा ओरडली, की शेजारच्या फ्लॅटमधली म्हातारी दारात आली.

"काय म्हणते?" बेबीताईंनी विचारलं.

डोळे पुसून मातेउश म्हणाला, "म्हणते, भूक लागलीय. खूप भूक लागलीय."

आणि त्यानं आपलंही ताट पुढे केलं. "मलाही वाढा, सिस्टर. मी जेवून आलेलो नाही."