सोलला पाठवलेल्या दोन राख्या

ताई, रेवा सोलला निघाली तेव्हा ऑकलंडच्या विमानतळावर मी तिच्याशी भांडत होतो. कारण क्षुल्लक होतं. तिने जाड जाकीट मोठ्या बॅगेत कोंबून बॅग चेक-इनला देऊन टाकली होती आणि तिकडे कडाक्याची थंडी. नीलिमा मला कोपराने ढोसत होती, पण मी बोलतच सुटलो, कारण जाकीट सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोललो असतो तर तिथेच रडलो असतो. "बाबा, चिल. आय हॅव हीप्स ऑफ लेयर्स," असं म्हणून सतरा वर्षांची पोर आत गेली. वळून पाहिलंही नाही. हॅमिल्टनला घरी परतताना गाडीत आम्ही दोघंच. पुकेकोहेच्या फाट्यावर नीलिमा म्हणाली, "भाजी घ्यायची होती." मी गाडी थांबवली नाही.

मी पुणं सोडलं तेव्हा निदान सांगायला कारण होतं. "नोकरीसाठी जातोयस, मग ठीक आहे," असं बाबा म्हणाले होते. दूध पावडरच्या कारखान्यांची यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर लिहितो म्हटलं की कोणी पुढे काही विचारत नाही. पण मुलगी कोरियन गाणी म्हणायला आणि नाचायला चालली, हे कुणाला कसं सांगायचं? इथे ऑफिसात सगळे "स्वीट अ‍ॅज!", म्हणजे झकासच, म्हणून मोकळे झाले. पुण्यात फोनवर नुसती शांतता. फक्त तू विचारलंस, "तिथे तिला जेवायला काय देतील रे?" त्या एका प्रश्नासाठी मी तुझा जन्माचा ऋणी आहे.

तिथे पोचल्यावर तीन वर्षं नुसतं शिक्षण. मग दोन मुलं आणि दोन मुली असा चौघांचा ग्रुप बाहेर आला. ग्रुपचं नाव मी लिहीत नाही, कंपनीला आवडत नाही. रेवा, सोरा, तेहो आणि मिनू. "मिनू हे मुलाचं नाव?" म्हणून तू किती हसली होतीस! सुरुवातीला शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि मॉलच्या उद्घाटनांत नाचायचे. दुसऱ्या वर्षी एक गाणं बऱ्यापैकी चाललं. हॅमिल्टनमधल्या एका डेअरीत, म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, ते गाणं लागलं होतं तेव्हा मी दुधाची बाटली हातात धरून ते संपेपर्यंत उभा होतो. दुकानदाराला सांगावंसं वाटलं, की ती माझी मुलगी आहे. सांगितलं नाही.

तिथे मुलामुलींचा एकत्र ग्रुप चालवणं म्हणजे तारेवरची कसरत, हे मला फार उशिरा कळलं. मुलांवर जीव टाकणाऱ्या चाहत्यांना शेजारच्या मुली डोळ्यांत खुपतात, मुलींच्या चाहत्यांना मुलं. म्हणून कंपनीचे नियम कडक. बाहेर मुलामुलींच्या गाड्या वेगळ्या, जेवायची टेबलं वेगळी, फोटोत मध्ये अंतर. मुली वरच्या मजल्यावर राहणार, मुलं खालच्या. पण दमून आल्यावर चौघंही खालच्याच स्वयंपाकघरात एका पातेल्यातून जेवतात, हे रेवाने आम्हाला केव्हाच सांगून टाकलं होतं. ऐकून नीलिमा निश्चिंत झाली आणि मी अस्वस्थ. बापाचं हे असंच असतं.

आणि मग तू राख्या पाठवल्यास.

दर वर्षी तुझं पाकीट मला येतं. त्यातल्या अक्षता इथल्या विमानतळावर काढून फेकतात, कारण तांदळाचा एक दाणाही देशात येऊ देत नाहीत, आणि दर वर्षी तू त्यांना शिव्या घालून पुन्हा अक्षता पाठवतेस. गेल्या श्रावणात तू एक पाकीट थेट सोलला पाठवलंस. "पोरीला सख्खा भाऊ नाही. दोन मिळालेत, तर रीत होऊ दे," असं म्हणालीस. रेवाला इतका आनंद झाला, की तिने ते पाकीट चाहत्यांसाठीच्या व्हिडिओत मिरवलं. मग जेवायच्या आधी तेहोला आणि मिनूला राखी बांधली. सोराने औक्षणासाठी वाढदिवसाची मेणबत्ती लावली म्हणे.

दुसऱ्या दिवशी तेहोने फोटोंच्या कामासाठी राखी काढून ठेवली. मिनूने काढली नाही. कोणीतरी स्टुडिओबाहेर त्याच्या मनगटाचा फोटो काढला, व्हिडिओतल्या पाकिटातल्या राखीशी ताडून पाहिला आणि संध्याकाळपर्यंत सगळीकडे एकच बोंब: रेवाने मिनूला प्रेमाचा धागा बांधला. तिकडे जोडपी एकसारखे धागे घालतात. भाऊ म्हणून कोणी काही बांधतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. कंपनीच्या दारात निषेधाचे फलक लागले. कुणीतरी रेवाचा शाळेतला, टॉग्ज म्हणजे पोहायचा पोशाख घातलेला फोटो शोधून काढून त्याखाली नको ते लिहिलं. ते मी वाचलं, ताई.

कंपनीने सांगितलं, खुलासा करायचा नाही, धर्माचा विषय काढायचा नाही. शनिवारच्या टीव्ही कार्यक्रमापर्यंत वातावरण निवळलं नाही तर रेवाला ग्रुपमधून काढणार. चौघांचे फोन जमा केले. आम्हाला हे सगळं तिच्या मॅनेजरने चार वाक्यांत कळवलं. युनिव्हर्सिटीचा प्रवेश सोडून गेलेली, तीन वर्षं घासलेली माझी मुलगी एका रेशमी दोऱ्यापायी बाहेर फेकली जाणार होती. तू तिकडे रडत होतीस, "मला दे त्यांचा नंबर, मी मराठीत समजावते," म्हणत होतीस. मी सोलचं तिकीट काढायला बसलो. तिला घेऊनच यायचं, बस्स झाली थेरं, असं माझं चाललं होतं. नीलिमा शांतपणे म्हणाली, "तिला विचारलंस का?" मी तिच्यावरही ओरडलो.

शनिवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसलो. नीलिमाने वरणभात केला होता, कोणीही खाल्ला नाही. एकामागून एक ग्रुप नाचून जात होते आणि मला सगळे चेहरे सारखेच दिसत होते. मग अंधार झाला, दिवे लागले. आधी सोरा दिसली. मग मिनू. मग तेहो. रेवा कुठेच नाही. मी उठून उभा राहिलो. नीलिमाने माझा शर्ट मागून मुठीत धरला होता. कॅमेरा सरकला आणि अगदी डाव्या टोकाला, मिनूपासून चांगली दूर, रेवा उभी होती.

त्या गाण्यात एक जागा आहे, दोन्ही मुलं एकदम हात वर नेतात. बाह्या घसरल्या आणि दोघांच्याही मनगटावर राखी होती. तेहोने पुन्हा बांधून घेतली होती. कोणी काही बोललं नव्हतं, धर्माचा विषय काढला नव्हता, नियम मोडला नव्हता. पण दोघांना एकसारखा धागा बांधणारी ती कोण, हे आता ज्याचं त्याने ठरवावं. नीलिमा ढसाढसा रडली. मी नाही रडलो असं तुला सांगेन, पण तू विश्वास ठेवणार नाहीस.

कंपनीने रेवाला काढलं नाही, पण लगेच सगळं गोड झालं असंही नाही. बरेच चाहते गेले ते गेलेच. पुढचे दोन कार्यक्रम रद्द झाले, ग्रुप वर्षभर टिकेल की नाही हेही कळेना. त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, रेवाला फोन परत मिळाला आणि तिने आम्हाला लावला. तिचा आवाज बसला होता. मी म्हणालो, "पुरे आता. तिकीट काढतो, घरी ये."

ती म्हणाली, "बाबा, नॉट नाऊ. इथे घरी सगळे घाबरलेत. सोरा जेवत नाहीये, मिनू सगळा ब्लेम स्वतःवर घेतोय. आय कान्ट लीव्ह देम लाइक दिस."

ताई, मला एकदम आपल्या आईची आठवण झाली. मी पहिल्यांदा सुटीवर पुण्याला आलो होतो, आणि जेवताना सहज बोलून गेलो, "आता घरी गेलो की लॉनचं गवत कापायला हवं." आई हातातली आमटीची वाटी तशीच ठेवून आत निघून गेली. तू माझ्याकडे रागाने पाहिलंस आणि मला काही उमगलं नाही. त्या रविवारी उमगलं. मी आणि माझ्यासारखे जे जे बाहेर पडले, त्यांना वाटतं घर आपण मागे ठेवून आलो, किंवा सोबत आणलं. तसं नसतं. जिथली माणसं संकटात असताना पाय निघत नाही, ते घर. माझा पाय हॅमिल्टनमधून निघत नाही, तुझा पुण्यातून, आणि माझ्या मुलीचा आता सोलमधल्या त्या खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून. तिचं घर माझ्या घराबाहेर झालं, हे दुखलं. फार दुखलं.

आईसारखं आत निघून जावं असं वाटत होतं. पण फोन कानाला होता आणि पलीकडे पोर वाट पाहत होती.

"बरं," मी म्हणालो. "आधी सोराला चार घास भरव. मग तू जेव."