बियांच्या पुडीतला ऑक्टोपस

शाळेतल्या नझीहाबाई गर्बेल या बियावाल्या हमदाच्या प्रेमात पडल्यात, अशी कुजबुज ट्युनिशियातल्या सफाक्स शहरातल्या आमच्या गल्लीत चांगली महिनाभर चालली. पुरावाही होता. शाळेतून येताना बाई रोज त्याच्या गाडीपाशी थांबायच्या, सूर्यफुलाच्या बियांच्या चार-चार पुड्या घ्यायच्या, आणि एका बीलाही दात लावायच्या नाहीत.

प्रेमबिम काही नव्हतं. बाईंना पुडीचा कागद हवा होता. हमदा घराघरातून वह्यांची रद्दी उचलतो. जुने निबंध तिथूनच नव्या पोरांच्या हाती लागतात, असा बाईंचा संशय. संशय हा त्यांचा स्वभावच. माझ्या बायकोने मकरूद, म्हणजे खजूर भरलेल्या रव्याच्या वड्या, नेऊन दिल्या, तर एक तुकडा हुंगून तिला म्हणाल्या, "कृती कोणाची? तुझी म्हणू नकोस. तुझ्या हाताला एवढं तूप सुटत नाही."

यंदा निबंध होता घराण्याच्या धंद्यावर. वसीला शिंपिणीच्या राऊदाने केर्केना बेटावरच्या मासेमारीवर लिहिलं : 'ऑक्टोपसला जाळं कशाला? रिकामं मडकं दाखवा, तो आपणहून बिऱ्हाड थाटतो.' बाईंनी चष्मा पुसला. तेरा वर्षांच्या पोरीला बिऱ्हाडाचं काय कळतं? आणि त्याच आठवड्यात पुडी उलगडली, तर आत हेच वाक्य!

बाई तडक वसीलाच्या दारात. मीही मागोमाग गेलो, पुदिना मागायला. शून्य मिळालं तर राऊदाची हुशार मुलांच्या निवडक शाळेतली जागा गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"हे कोणाचं?" बाईंनी पुडीचा कागद नाचवला.

"माझंच कच्चं आहे, बाई," राऊदा रडकुंडीला आली. "आईने रद्दीत दिलं."

"घ्या!" मी म्हटलं. "पोरीने स्वतःच्याच घरी दरोडा घातला."

बाई हसल्या नाहीत. कागद उजेडात धरला. वर राऊदाच्याच अक्षरात होतं : 'मब्रूकआजोबा सांगतात.' पक्क्या निबंधात ही ओळ नव्हती.

"ही कोणी खाल्ली?"

राऊदाने आईकडे पाहिलं. वसीलाने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "मीच म्हटलं गाळ म्हणून. तुम्हाला वाटलं असतं, पोरगी नुसतं म्हाताऱ्याचं बोलणं उतरवून आणते."

"खुशाल उतरव! पण वर त्याचं नाव घाल, आणि खाली तुला काय वाटलं ते लिही. नाव गाळलंस की ती चोरी." बाईंनी खुर्ची ओढली. "बस. माझ्यासमोर घाल ती ओळ. शून्य देत नाही, पण मार्क कापणार."

राऊदाने ओळ घातली. तरी बाईंचं समाधान कुठलं? आजोबांना फोन लावला. "वाक्य तुमचंच ना? की तुम्हीही कुणाचं ढापलंत?"

"माझ्या बापाचं," पलीकडून आवाज आला. मग राऊदाने पणजोबांचंही नाव घातलं.

बाई निघाल्या तेव्हा मला राहवलं नाही. "ते सगळं ठीक, नझीहाबाई, पण अर्धी गल्ली म्हणते की तुमचं आणि हमदाचं..."

बाई उंबऱ्यात थांबल्या.

"अर्धी गल्ली हे कोणाचं नाव नाही, लामिनभाऊ. बातमी तुम्ही उठवलीत, तर खाली सहीही तुमचीच करा."